जाफरी (उद्यानरचना)

जाफरी : बांबूच्या कामट्या किंवा लाकडी पट्ट्या आडव्यातिडव्या बांधून वा ठोकून केलेली जाळी. लहान बागेत, गच्चीवर किंवा ओसरीच्या कडेला ती आडोशासाठी उभी करतात व पायथ्याच्या लांबट कुंड्यांतील वेल तिच्यावर चढवतात. दगडात कोरलेली जाळी (उदा., अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतील, १५७२-७३) हा निराळा प्रकार, दोहोंची गल्लत करू नये.

शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘जाफर’ हे विशेषनाम असावे. फारसीत ‘जाफरी’ ही कोथिंबिरीसारखी दिसणारी एक पालेभाजी होय. ‘गुल-ए-जाफरी’ म्हणजे झेंडू. हिंदीतही बुटक्या झेंडूला ‘जाफरी गेंदा’ म्हणतात. जाळीचा अर्थ फुलावरून आला असे म्हणता येईल, किंवा तो स्वतंत्रपणे रूढ झाला असेही. झेंडू काही वेल नव्हे, त्यामुळे दुसरी शक्यता अधिक पटते.

रोमजवळ प्रीमा पोर्ता येथील लिव्हियाच्या (रोमन सम्राट ऑगस्टसची पत्नी) निवासातील भित्तिचित्रात (सु. इ. स. पू. पहिले शतक) बागेपुढे ठेंगणे विणीव कुंपण दिसते. भारतीय जाफरीशी त्याचा धागा जोडणे मात्र धाडसाचे ठरेल. बांबू नाशवंत, त्यामुळे आपल्याकडील जुने नमुने टिकणे कठीणच.

भरीव पत्र्याच्या आडोशावरून वारा उसळतो व मागे भोवरे करतो. साधारण निम्मी पोकळी ठेवलेली जाफरी वाऱ्याचा जोर मोडते आणि स्वतःही कमी ताण सोसते. गच्चीवर खरी अडचण कुंडीच्या वजनाची. १ मी. लांब, ४० सेंमी. रुंद व तितक्याच खोल कुंडीत ०.१६ घ. मी. माती मावते, भिजल्यावर ती २५० किग्रॅ.च्या पुढे जाऊ शकते, म्हणजे दर चौ. मी.ला ६०० किग्रॅ.हून जास्त. वावरासाठी खुल्या सपाट छतावर भारतीय मानकानुसार दर चौ. मी.ला १.५ किलोन्यूटन (सु. १५० किग्रॅ.) भार धरतात. म्हणून अशा कुंड्या तुळईच्या किंवा भिंतीच्या माथ्यावर येतील अशा बेताने मांडतात, मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखत मिसळून ती हलकी करतात आणि इमारतीच्या अभियंत्याला आधी विचारतात.

बांबूला भुंगा लागला की जाफरीखाली पिवळसर भुकटी सांडू लागते. टंकणखार (बोरॅक्स) व बोरिक आम्लाच्या द्रावणात कामट्या भिजवल्यास हा उपद्रव कमी होतो. बांबू अमावास्येला तोडावा, ही समजूतही याच किडीपोटी असावी. कामटीचे टोक ओल्या मातीत रोवू नये, तिथूनच ती कुजते.

वेलांत मधुमालती विशेष लोकप्रिय : तिचे फूल उमलते पांढरे, मग गुलाबी होते आणि शेवटी लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वाढली की ती फार जड होते व नुसत्या कामट्यांची जाफरी वाकवते. तिला लोखंडी चौकट लागते. जुई, गोकर्ण, कृष्णकमळ हे त्या मानाने हलके. स्वयंपाकघराच्या बाजूला वाल किंवा तोंडली चढवतात.