घोडा घोडा आणि फूटभर कमी पडणारे हात

माझी भाची चार वर्षांची आहे आणि तिच्या लेखी मामा म्हणजे घोडा, विषय संपला. परळच्या आमच्या घरात हॉल ते किचन अशी तिची रपेट असते आणि लादीवर गुडघे टेकून रांगायचं म्हणजे तिसऱ्या फेरीला गुडघ्यांची वाट लागते. म्हणून एकदा मी शहाणपणा केला, गुडघे उचलले, फक्त तळवे आणि पावलं टेकवून खराखुरा चार पायांचा घोडा झालो, तर बाईसाहेब पाठीवरून घसरत थेट माझ्या मानेवर.

ही घसरगुंडी का झाली त्याचं गणित सोपं आहे. माणसाचा पाय कमरेच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत मोजला तर उंचीच्या साधारण ५३ टक्के भरतो. माझी उंची १७० सेंमी, म्हणजे पाय ९०. खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात मात्र उंचीच्या ३३ टक्के, म्हणजे ५६ सेंमी. तळव्याची जाडी धरली तरी पुढचे पाय मागच्यांपेक्षा फूटभर तोकडे! मग कंबर वर, डोकं खाली, आणि पाठीचा उतार. चिंपांझीच्या हाताची दोन लांब हाडं मिळून पायाच्या दोन लांब हाडांपेक्षा थोडी मोठीच भरतात, ओरांगउटानची तर जवळजवळ १४० टक्के, आणि आपली ७० च्या आसपास. आपण पाय लांब करून दोन पायांवर चालायचा सौदा केलाय आणि तो स्वस्तात पडलाय, कारण २००७ साली ट्रेडमिलवर मोजलं तेव्हा चालायला माणसाला चिंपांझीपेक्षा जवळपास ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असं निघालं.

मग डोक्यात आलं, चार पायांवर चालणं हा व्यायाम म्हणूनच करून बघावा. त्यासाठी अंगावर काही चढवायचं, तर त्या वस्तूचं पहिलं काम हा एक फूट भरून काढणं. दुसरं काम मनगट वाचवणं. तळवा सपाट टेकला की मनगट जवळपास काटकोनात मागे वळतं, साधारण माणसाचं ७० अंशांपर्यंत आरामात जातं, पुढचं सगळं ओढूनताणून, आणि त्यावर अंगाचा भार. गिरणगावातल्या जुन्या व्यायामशाळांत जोर मारायला लाकडी मुठी असायच्या ना, त्याचा फायदा हाच, मूठ धरली की मनगट सरळ राहतं आणि भार हाडांतून सरळ खाली जातो.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या कुबड्या माळ्यावर पडून होत्या, त्या कोपराखाली पट्टा असलेल्या, अॅल्युमिनियमच्या. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडे नेऊन मुठीच्या खाली ३० सेंमी उरेल अशा कापून घेतल्या. त्याने एकदाच विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं माझ्यासाठी, मग त्याने पुढे काही विचारलं नाही. खाली परत रबर बसवलं, कारण नुसता पाइप लादीवर सरकला तर दातच गेले.

गच्चीवर सकाळी सहाला गेलो. पाठ खरंच आडवी झाली, एकदम भारी वाटलं, आणि पहिल्याच पावलाला लक्षात आलं की कुठला पाय आधी उचलायचा हे मला माहीतच नाही. इथे देवघरातला रांगता बाळकृष्ण आठवा. त्याचा एक हात लोण्याच्या गोळ्यासाठी वर, म्हणजे टेकलेत फक्त एक हात आणि दोन गुडघे, तरी पडत नाही, कारण गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ त्या तीन टेकूंच्या त्रिकोणात पडते. हळू चालणारा चारपायी प्राणी हेच करतो, एका वेळी एकच पाय उचलायचा आणि बाकी तिघांच्या त्रिकोणात वजन ठेवायचं. घाई केलीत की दुडक्या चालीत समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम उचलावे लागतात आणि मग तोल हा गतीचा खेळ होतो. मी बाळकृष्णावरच थांबलो. तेवढ्यात पापड वाळवायला आलेल्या काकू, "अरे, काय हरवलं का रे?" म्हणून माझ्याबरोबर शोधायला लागल्या.

दहा मिनिटांत दम निघाला. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी मनगटं ठणठणीत, दुखत होत्या काखेखालच्या बरगड्या आणि मान. मान समजू शकतो, आडव्या पाठीवरून समोर बघायचं तर डोकं मागे ताणावंच लागतं, आपली कवटी मानेवर उभी ठेवायला बनलीये. पण बरगड्या का?

याचं उत्तर आमच्या गल्लीतल्या कुत्र्याकडे आहे. कुत्रा, बकरी, घोडा यांना आपल्यासारखी कॉलर बोन नसते, कुत्र्यात तिचा जेमतेम अवशेष असतो. त्यांचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, छाती दोन खांद्यांच्या हाडांमध्ये स्नायूंच्या झोळीत लटकलेली असते, बाळाला टांगतात तशी. आणि उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणजे झोळी भक्कम लागते. आपल्यात त्या झोळीचा भाऊबंद म्हणजे सेरेटस अँटेरिअर, बरगड्यांपासून खांद्याच्या मागच्या त्रिकोणी हाडापर्यंत जाणारा स्नायू, एरवी हात पुढे ढकलताना कामाला येतो. मी त्याला दहा मिनिटं झोळी बनवलं, तो बोंबलणारच. माझ्या मते या व्यायामाचा खरा माल हाच आहे, जिमच्या मशीनवर हा स्नायू सहसा सापडत नाही.

हे वेड माझं एकट्याचं नाही हं. ब्रिटनच्या थॉमस थ्वेट्स या डिझायनरने बकरी व्हायचं ठरवलं, सॅलफर्ड विद्यापीठातल्या कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांकडून पुढचे पाय करून घेतले आणि आल्प्सच्या डोंगरात बकऱ्यांबरोबर हिंडला, त्याबद्दल २०१६ चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. उलट जपानचा केनिची इतो काहीच न जोडता माकडांची चाल बघून शिकला आणि २०१५ मध्ये १०० मीटर १५.७१ सेकंदांत धावला, चार पायांवर! बोल्टचा विक्रम ९.५८ आहे, आणि मला दोन पायांवरसुद्धा १५.७१ जमणार नाही.

"चार पायांवर चाललं की पाठदुखी पळते, जनावरांना कुठे असते" हे मात्र मला पटत नाही. डॅशहंड कुत्र्यांच्या मणक्यातली चकती सरकणं हे व्हेटकडे अगदी नेहमीचं दुखणं आहे. आणि कुबड्यांशिवाय, कंबर वर करून हा प्रकार करताना डोकं खाली जातं, डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदूवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, ब्लडप्रेशरवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

भाचीला नवा घोडा दाखवला. ताई बाजूला धरून उभी होती, पाठ सपाट, पोरगी अजिबात घसरली नाही. पण आता घोडा इतका उंच झालाय की तिला चढायला स्टूल लागतं, आणि वर बसल्यावर पाच सेकंदांत म्हणाली, "मामा, जुना घोडा हो."