हात सावकाश फिरला की जीव का निवतो

परवा शहापुरात एका दुकानाबाहेर बोर्ड बघितला, 'हलक्या मसाजने शिरा मोकळ्या, अंगातलं विष बाहेर'. विष बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी रोज करतातच की, त्याला मसाज लागत नाही. पण हलक्या हाताने जीव शांत होतो हे मात्र खरं आहे, आणि त्यामागची नस मला फार आवडते.

स्पर्शाच्या नसा दोन तऱ्हेच्या असतात. एक जाड, वायरला कव्हर असतंय तसं मायलिनचं आवरण असलेली, ती सेकंदाला 50 मीटरच्या आसपास पळते आणि कुठं काय लागलं ते लगेच कळवते. दुसरी बारीक, बिनआवरणाची, नाव सी-टॅक्टाइल, वेग सेकंदाला साधारण 1 मीटर, म्हणजे पोटरीवरून हात फिरला तर मेंदूला कळायला सेकंदभर तरी जातो. स्वीडनच्या झोटरमनने 1939 साली ही मांजरात नोंदली, माणसात सापडायला पुढं जवळपास पन्नास वर्षं गेली. एवढ्या संथ नसेचा उपयोग काय? तर 2009 मध्ये लोकांच्या हातावर मऊ ब्रश वेगवेगळ्या स्पीडने फिरवून एकेका नसेतले सिग्नल मोजले, तेव्हा दिसलं की सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या वेगालाच ती सगळ्यात जोरात बोलते, भराभर घासलं तरी आवाज कमी, फारच रेंगाळलं तरी आवाज कमी, आणि ती जास्त बोलते तेव्हाच माणसं पण बरं वाटतंय म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश आठेक सेकंद घेऊन बोटं फिरवून बघा, तोच तो वेग. हात कोमट, कातडीएवढा म्हणजे 32 अंशांच्या आसपास असला तर आणखी चांगलं.

हा निरोप मेंदूत इन्सुलाला जातो, भूक, धडधड असली आतली खबर जिथं येते तिथं, आणि तिथून मेंदूकडून हृदयाला जाणाऱ्या व्हेगस नसेचं काम वाढलं की ती हृदयाच्या पेसमेकर पेशींवर, म्हणजे ठोक्याचा ताल धरणाऱ्या पेशींवर, ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, त्या पेशींतली पोटॅशियमची दारं उघडतात, पुढचा ठोका जरा उशिरा पडतो. तालमीतलं रगडून केलेलं मालिश वेगळं, ते स्नायूंसाठी.

आमच्याकडं पोर किरकिर करालं की मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात आणि गप झालं की मिरच्यांना मान देतात, पण त्याआधी आज्जीने मांडीवर पालथं घालून किती वेळ पाठीवरून हात फिरवलेला असतो ते कुणी धरतच नाही.

आणि यानं चिंतेचा आजार कायमचा जातो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका, ही शांती थोड्या वेळाची असते. नकोसा हात असला तर वेग बरोबर असूनही अंग आखडतंय, कारण मेंदू हात कुणाचा आहे तेही बघतोय.