पीव्ही की पीएफ? मलेरियाच्या रिपोर्टातला दुसरा शब्द

पावसाने जोर धरला की आमच्या परळच्या लॅबमध्ये फोनवर दिवसभर एकच प्रश्न असतो, "मलेरिया आहे का हो?" हो म्हटलं की फोन खाली. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, आणि खरी गोम तर पुढेच असते. रिपोर्टावर 'पॉझिटिव्ह'च्या शेजारी छोटीशी दोन अक्षरं असतात, पीव्ही नाहीतर पीएफ. डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहिणार, किती दिवसांचं लिहिणार आणि पेशंटला घरी पाठवणार की दाखल करून घेणार, यातलं बरंचसं त्या दोन अक्षरांवर ठरतं.

पीव्ही म्हणजे प्लास्मोडियम व्हायवॅक्स, पीएफ म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपॅरम. दोघेही एकपेशीय परजीवी, दोघेही ॲनाफिलीस डासाच्या मादीकडून येतात, आणि दोघांतही हुडहुडी भरून ताप, मग घामाच्या धारा, अंग ठेचून निघाल्यासारखं. पुस्तकात दोघांचा ताप एक दिवसाआड येतो असं असतं. जुन्या बायका त्याला एकांतरा म्हणायच्या. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दिवसांत ताप कधीही येतो, फाल्सिपॅरममध्ये तर त्याला ताळतंत्रच नसतो. तेव्हा तापाच्या वेळा वहीत लिहून घरबसल्या जात ओळखू पाहणाऱ्यांना माझा नमस्कार.

चाळीतल्या भाषेत या दोघांना वेगळी नावं आहेत. एक 'साधा मलेरिया', दुसरा 'डोक्यात जाणारा'. दुसरं नाव अगदी बरोबर. पहिलं मात्र अर्धवट, आणि माझ्या मते आपल्या शहराला तेच जास्त महाग पडतं.

आधी काचेवर काय दिसतं ते सांगतो. बोटाला सुई टोचून एका स्लाइडवर रक्ताचा एक थेंब जाडसर ठेवायचा आणि दुसरा पातळ ओढायचा. जाड थेंबातल्या लाल पेशी रंगवताना फुटून जातात, त्यामुळे कमी जागेत जास्त रक्त तपासता येतं. 'आहे की नाही' ते तिथे कळतं. 'कोण आहे' ते पातळ ओढलेल्या भागात, कारण तिथे लाल पेशी शाबूत असतात. रंग देऊन, धुऊन, वाळवून, वर तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली पाहिलं की व्हायवॅक्सची पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली दिसते, वर बारीक गुलाबी ठिपके पडलेले, आत परजीवी वेडावाकडा पसरलेला. व्हायवॅक्स या शब्दात चैतन्य, चपळाई आहे, आणि गडी आहेच तसा.

फाल्सिपॅरमची पेशी फुगत नाही. आत नाजूक अंगठी, खड्याच्या जागी गडद ठिपका. कधी एकाच पेशीत दोन अंगठ्या, कधी पेशीच्या काठाला चिकटून बसलेली. आठ-दहा दिवस उलटले असले तर आणखी एक आकार दिसतो, चंद्रकोरीचा. फाल्सिपॅरम हे नाव त्याच्यावरूनच पडलं, लॅटिनमध्ये कोयत्याला जो शब्द आहे त्यातून. स्लाइडवर कोर दिसली की जात ओळखायला दुसरं काही बघावं लागत नाही.

पण फाल्सिपॅरमची स्लाइड पूर्ण खरं बोलत नाही, हे शिकायला मला काही वर्षं गेली. बोटाच्या रक्तात त्याच्या बहुतेक अंगठ्याच दिसतात, म्हणजे परजीवीची लहान पोरं. मोठी होत आलेली कुठे जातात? परजीवी वाढू लागला की लाल पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी येतात आणि ती पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूत, मूत्रपिंडात, गरोदर बाईच्या वारेत. रस्त्यावर पोरं खेळताना दिसतात आणि मोठी माणसं गल्लीबोळात दडून बसलेली असतात, तसा हा प्रकार. असं दडण्याचा त्याला फायदा असतो, कारण प्लीहेतून फिरणाऱ्या खराब पेशी शरीर गाळून काढतं. आपल्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. वाहिन्या तुंबतात, पेशंट असंबद्ध बोलायला लागतो, झटके येतात, लघवी कमी होते. 'डोक्यात गेला' म्हणतात ते हे. शिवाय फाल्सिपॅरम कोवळी-जून असा भेद न करता कुठल्याही वयाच्या लाल पेशीत शिरतो. व्हायवॅक्सला नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या पेशीच लागतात आणि त्या रक्तात एक-दोन टक्केच असतात. म्हणून व्हायवॅक्सची संख्या आटोक्यात राहते आणि फाल्सिपॅरमची भराभर वाढते. पीएफचा रिपोर्ट मी कधीच 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणून ठेवत नाही. लगेच फोन करतो.

मग व्हायवॅक्स साधा का नाही? एकतर तोही कधीकधी माणसाला आयसीयूत नेतो. जुन्या वैद्यकीय पुस्तकांनी त्याला 'सौम्य' असं बिरुद लावलं होतं. बिकानेरच्या डॉक्टरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात गंभीर व्हायवॅक्सच्या केसेस मांडल्या, तेव्हा कुठे त्या बिरुदाकडे लोक संशयाने पाहू लागले. प्लेटलेट तर दोन्ही मलेरियांत घसरतात, आणि मुंबईत प्लेटलेट घसरल्या की अख्खं घर डेंग्यू डेंग्यू करत पपईच्या पानांमागे धावतं. मलेरियाची स्लाइड राहूनच जाते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डास चावल्यावर दोन्ही परजीवी आधी यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. फाल्सिपॅरम झाडून सगळा उतरतो. व्हायवॅक्सचे काही मात्र यकृतातच झोपून राहतात. १९८० च्या सुमारास संशोधकांनी आधी माकडांच्या मलेरियात आणि मग व्हायवॅक्समध्ये हे झोपलेले परजीवी प्रत्यक्ष दाखवले. ते काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित वर्षभरानेही उठतात. कुंभकर्णाची निदान सहा महिन्यांची मुदत ठरलेली होती. क्लोरोक्वीन रक्तातल्या व्हायवॅक्सला मारतं, तीन दिवसांत ताप पळतो. यकृतातल्या झोपलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन लागतं, रोज, चौदा दिवस.

हा चौदाचा आकडा पक्का होण्यात मुंबईचा हात आहे. आपल्याकडे बरीच वर्षं प्रायमाक्वीन पाचच दिवस देत. सोपं, स्वस्त, लोक पूर्ण घेतात, म्हणून. केईएम रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागातल्या संशोधकांनी व्हायवॅक्सच्या पेशंटांमध्ये पाच दिवसांचा आणि चौदा दिवसांचा कोर्स ताडून पाहिला आणि १९९९ साली निष्कर्ष छापला. ताप उलटणं रोखण्यात पाच दिवसांच्या गोळ्या न दिल्यासारख्याच होत्या, चौदा दिवसांच्या मात्र उपयोगी पडत होत्या. पुढे राष्ट्रीय धोरणातही चौदाच दिवस आले.

गंमत अशी की फाल्सिपॅरमलाही प्रायमाक्वीन देतात, पण एकच डोस. इथेच केमिस्टच्या काउंटरवर घोटाळा होतो. "शेजाऱ्याला एकदाच दिली, आम्हाला चौदा दिवस का?" गोळी तीच, कामं दोन. फाल्सिपॅरमचा मूळ इलाज आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं, तीन दिवसांचा. त्याच्यावर क्लोरोक्वीन चालेनासं झालंय. भारतात हे पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात दिसलं होतं. मग प्रायमाक्वीनचा तो एक डोस कशाला? मघाशी सांगितलेल्या चंद्रकोरी मारायला. डासाच्या पोटात जाऊन पुढे पसरतात त्या कोरीच. पेशंटचा ताप त्या डोसाने उतरत नाही, तो डोस शेजारपाजाऱ्यांसाठी असतो. व्हायवॅक्समधले चौदा डोस पेशंटच्या स्वतःच्या यकृतासाठी. किती मिलिग्रॅम ते वजन बघून डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी आपल्याला चालत नाही, ती यासाठी.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाचा रिपोर्ट पीव्ही आला. दहा दिवसांनी जिन्यात वहिनी भेटल्या.

"वहिनी, गोळ्या संपत आल्या का त्याच्या?"

"अहो भाऊजी, ताप तर तिसऱ्याच दिवशी गेला. त्या गोळीने त्याच्या पोटात कळा यायच्या, मग म्हटलं कशाला उगाच!"

"उपाशीपोटी देत होतात का?"

"सकाळी क्लासला जायच्या आधी, हो."

ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पोटात पिळवटते. पाकीट बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं, नऊ गोळ्या शिल्लक. म्हणजे पाच पोटात गेल्या होत्या. पाच! केईएमच्या त्या निबंधाची आठवण झाली, पण जिन्यात उभ्याने काय सांगणार?

गोळी मध्येच सोडण्याचं एक रास्त कारणही असतं, ते सांगितलंच पाहिजे. काही लोकांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांनी प्रायमाक्वीन घेतलं की पेशी फुटायला लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते हे इथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकातच नोंदवलंय. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून पुरुषांत जास्त उघडा पडतो. चाचणी साधी आहे, चौदा दिवसांचा कोर्स सुरू करण्याआधी करून घ्यावी. लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देतच नाहीत. आता टॅफेनोक्वीन नावाचं एकाच डोसाचं औषध निघालंय, अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पण त्याच्याआधी हे एन्झाइम मोजणं आणखीनच गरजेचं, कारण एकदा गिळलेला डोस परत काढता येत नाही.

आणखी एक फरक पेशंटला जाणवत नाही, शहराला जाणवतो. फाल्सिपॅरमच्या कोरी ताप सुरू झाल्यावर आठवडा-दीड आठवड्याने रक्तात येतात. तोवर निदान झालं, औषध सुरू झालं, तर साखळी तुटू शकते. व्हायवॅक्सची डासात जाणारी रूपं मात्र तापाबरोबरच हजर होतात. पेशंट दवाखान्याची पायरी चढतो तोवर एखाद्या डासाने आपलं काम उरकलेलं असतं.

आणि डासांना मुंबईत काय तोटा! आपला शहरी मलेरियाचा डास ॲनाफिलीस स्टीफेन्सी. त्याचं वर्णन लिस्टन नावाच्या डॉक्टरने १९०१ मध्ये केलं, तेही एलिचपुरात राहून, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरात. हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. ती आजची हाफकिन संस्था, आमच्या लॅबपासून चालत जाण्याच्या अंतरावर. या डासाला स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं. बेंटले नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियावर लिहिलेल्या १९११ च्या अहवालाने इथल्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं आणि विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून धार्मिक भावनांचा मोठा वादही झाला होता. आता विहिरी कमी उरल्यात, त्यांच्या जागी गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावर स्लॅबवर साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा. २०१० मध्ये मुंबईत मलेरियाचे पाऊण लाखाच्या आसपास रुग्ण झाले आणि शंभरावर माणसं गेली, तेव्हा बांधकामांवर सगळ्यांचं लक्ष गेलं. माणसं गावाहून परजीवी घेऊन आली असं म्हणून हात झटकणं सोपं असतं. डास तर इथलाच ना? हाच डास आता आफ्रिकेत पोचलाय, २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, आणि तिथली शहरं हैराण आहेत.

कार्ड टेस्टविषयी, म्हणजे रक्ताच्या थेंबावर पट्टीवर झटपट होणाऱ्या चाचणीविषयी, थोडंसं. तिच्यावर दोघांच्या वेगवेगळ्या रेषा उमटतात, सोय म्हणून उत्तम. पण फाल्सिपॅरमची रेषा बहुधा ज्या प्रथिनावर उठते ते परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. बरं झाल्यावर पुन्हा कार्ड केलं आणि रेषा दिसली, म्हणून रडू नये. स्लाइड करावी.

लसीचंही विचारतात लोक, कारण पुण्याच्या सीरमचं नाव पेपरात येतं. ऑक्सफर्डने तयार केलेली आणि सीरममध्ये बनणारी आर-२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी शिफारस केली. पण ती फाल्सिपॅरमवरची आहे. व्हायवॅक्सला तिचा उपयोग नाही.

वहिनींचा मुलगा दिवाळीनंतर पुन्हा तापला. स्लाइड मीच पाहिली. फुगलेली पेशी, गुलाबी ठिपके, पीव्ही. "तोच उलटला का भाऊजी, की नवीन चावला?" वहिनींनी विचारलं. परजीवींची जनुकं जुळवून हा फरक काढायचा प्रयत्न संशोधक करतात. पण यकृतात दोन-तीन वेगवेगळे झोपलेले असले, तर आधीच्यापेक्षा निराळाच उठून येतो आणि नव्या चाव्यासारखा दिसतो. शिवाय आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण मे महिन्यापासून तुटलेलं आहे. मी रिपोर्टावर पीव्ही लिहिलं आणि वहिनींना म्हटलं, "या वेळी गोळी जेवणानंतर. आणि रिकामं पाकीट मला आणून दाखवा."