माजी सैनिकांसाठी बागकाम

फौज सोडून आलेल्या माणसाला साध्या नागरी आयुष्यात रुळायला मदत व्हावी म्हणून बाग, नर्सरी किंवा शेतावर नेमाने करायचं काम. थेरपिस्टच्या देखरेखीखाली चालतं तेव्हा त्याला हॉर्टिकल्चरल थेरपी म्हणतात, पण कित्येक ठिकाणी थेरपिस्ट नसतो, चार माजी सैनिक, एक वाफा आणि चहा एवढंच असतं, आणि तेही याच नोंदीत धरायला हवं असं मला वाटतं.

फौजेत दिवस कसा जाणार हे आधीच ठरलेलं असतं, वर्दी, रँक, युनिट, शेजारच्या खाटेवरचा दोस्त, हे सगळं एका दिवसात सुटतं आणि घरी येऊन माणसं म्हणतात आता आराम करा, तर तोच आराम खायला उठतो. बागेत निदान उठायला कारण असतं. रोपाला पाणी आजच लागतं, उद्या बघू म्हणून चालत नाही. शिवाय दोघं शेजारी बसून खुरपत असले की समोरासमोर बसून मन मोकळं करायची सक्ती नसते, हात चालू असतात, नजर मातीत असते, मग वर्षानुवर्षं न बोललेलं आपोआप निघतं.

पहिल्या महायुद्धात शेलशॉक (लढाईच्या धक्क्याने मनावर आणि शरीरावर होणारा परिणाम) झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनमध्ये हे बऱ्यापैकी झालं. एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्थर ब्रॉक यांचा भर पेशंटला कामात गुंतवण्यावरच होता (कवी विल्फ्रेड ओवेन १९१७ मध्ये त्यांचाच पेशंट होता). डेव्हनमध्ये सील हेन नावाच्या शेती कॉलेजातच १९१८ साली डॉ. आर्थर हर्स्ट यांनी हॉस्पिटल चालवलं आणि तिथले सैनिक शेतावर राबायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गार्डन क्लबच्या बायका जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये रोपं घेऊन जायला लागल्या, १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्क इन्स्टिट्यूट या पुनर्वसन केंद्रात पेशंटसाठी काचघर उघडलं, आणि १९७३ मध्ये या उपचाराची राष्ट्रीय संघटना झाली.

अलीकडचं उदाहरण स्कॉटलंडचं. एअर गावाजवळ ऑकिनक्रुइव्ह इथल्या जुन्या भिंतबंद बागेत २००७ साली 'गार्डनिंग लीव्ह' ही संस्था सुरू झाली. भिंत ही तिथली मोठी गोष्ट होती, कारण ज्याला सतत पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटतं त्याला उंच भिंत आणि मोजकीच दारं असली की जीव थाऱ्यावर येतो. अशा माणसांसोबत काम करताना बारीकसारीक बघावं लागतं, मागून गुपचूप जायचं नाही, गवत कापायचं मशीन न सांगता सुरू करायचं नाही. व्हीलचेअरवाल्यांसाठी वाफे उंच बांधतात, एक हात गेलेल्यांसाठी वेगळी अवजारं. सुरुवातीला मुळा, मेथी असलं पटकन उगवणारं लावावं, आंबा लावून दहा वर्षं थांबायला सांगू नये.

मात्र बाग म्हणजे पीटीएसडीवरचा (भयंकर अनुभवानंतर मनात घर करून राहणाऱ्या आजारावरचा) पूर्ण इलाज नाही. मूड सुधारतो, एकटेपणा कमी होतो असं दिसलेलं आहे, पण बरेचसे अभ्यास छोटे आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे फौजेच्या राखीव दलाच्या, इको बटालियन. पहिली १९८२ मध्ये निघाली, चुनखडीच्या खाणींनी बोडक्या झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर माजी सैनिकांनी झाडं लावली, आणि मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ इको बटालियन हेच काम करते. ही थेरपी म्हणून नाही, नोकरी म्हणून आहे, पण वर्दी, सोबती आणि रोप तिन्ही एकत्र मिळतात, हे कमी नाही.

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात फौजेतून आलेला माणूस पुन्हा शेतीकडे वळला तर कुणाला नवल वाटणार नाही. पण तिथे एक फरक करायला हवा. शेती पोटासाठी असते, तिच्यात कर्ज, भाव आणि पावसाची काळजी येते, रात्रीची झोप आधीच उडालेल्या माणसाचा त्रास ती वाढवूही शकते. म्हणून घरामागची परसबाग वेगळी ठेवावी, दोन गुंठे असली तरी चालेल, वांगी-मिरच्या, जास्वंद, कढीपत्ता, आणि त्यातून किती पैसे आले हे त्याला कोणी विचारू नये.