‘जहांगीरला भरलेले प्रदर्शन’ नेमके कोणाचे?

मुंबईतल्या काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी कोणती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती उभी राहिली, एवढे पुरे. जवळच्याच कावसजी जहांगीर हॉलशी होणारी तिची गल्लत किरकोळ आहे, कारण तिथे आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. खरा घोळ होतो तो गॅलरी केमोल्डच्या बाबतीत. फ्रेमच्या व्यवसायातले केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ही गॅलरी सुरू केली आणि चार दशकांहून अधिक काळ ती तिथेच राहिली. त्यामुळे केमोल्डने भरवलेली प्रदर्शने सर्रास ‘जहांगीरला भरली’ म्हणून छापली जातात. पत्ता म्हणून ते बरोबर असेल, पण इतिहास म्हणून साफ चूक आहे.

जहांगीरची दालने चित्रकाराला भाड्याने मिळतात. त्याने अर्ज करायचा, तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबायचे आणि मंगळवार ते सोमवार असा आठवडा पदरात पाडून घ्यायचा. चित्रांच्या फ्रेमा, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचे पाहुणे आणि विक्री हे सगळे त्याचे त्याने पाहायचे. पुढच्या मंगळवारी त्याच भिंतींवर दुसऱ्या कोणाची चित्रे लागलेली असतात. केमोल्डमध्ये मात्र कोणाला भिंत द्यायची हे गॅलरी ठरवत असे. चित्रे विकली गेली नाहीत तर झळ तिलाही बसे, आणि तरीही एकदा निवडलेल्या चित्रकाराची पाठराखण ती वर्षानुवर्षे करी. बडोद्यात हिशेबनिशी करून चित्रे काढणाऱ्या भूपेन खख्खर यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६५ साली तिने भरवले, तर अतुल दोडियांचे १९८९ साली.

मला सर्वांत खटकते ते ‘वारली चित्रे जहांगीरला भरली’ हे विधान. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूजवळच्या पाड्यावरील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे शहरी जगापुढे आणली आणि १९७५ साली ती केमोल्डमध्ये लागली. तिथे ‘जहांगीर’ लिहिले की अर्ज करून, भाडे भरून म्हसे यांनी आपले प्रदर्शन आपणच मांडले असा अर्थ निघतो, आणि ज्यांनी त्या चित्रांना समकालीन कलेच्या दालनात जागा देण्याचा निर्णय घेतला, त्यांचे श्रेय नाहीसे होते.

याचा अर्थ जहांगीर दुय्यम ठरते असा नव्हे. कोणाची ओळखपाळख नसलेला कोल्हापूरचा चित्रकार तिथे निदान अर्ज तरी करू शकतो. खासगी गॅलरीत ती सोय नसते. तरीही समकालीन कलेला वळण कोणी दिले असे विचाराल तर माझे मत केमोल्डला आहे. केकू आणि खोर्शेद यांची कन्या शिरीन गांधी यांनी २००७ साली ती फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवर नेली, तेव्हापासून निदान नव्या प्रदर्शनांबाबत तरी हा गोंधळ उरलेला नाही.