बोरगुंडचं लाकडी चर्च वाचलं कसं

नॉर्वेचं लाकडी चर्च म्हणून नेटवर जो फोटो फिरतो ना, एकावर एक चढलेली छपरं आणि टोकाला ड्रॅगनची तोंडं, तो बहुतेक वेळा लेर्दालजवळच्या बोरगुंडचाच असतो. याच्यासाठी झाडं तोडली ११८० च्या आसपास, लाकडातली वर्तुळं मोजून काढलंय ते, आणि १८६८ पर्यंत हे गावचं नेहमीचं चर्च होतं.

लाकूड आठशेच्या वर वर्षं टिकतं कसं? आधी लोक खांब सरळ जमिनीत पुरायचे, बुंधा कुजायचा आणि शंभरेक वर्षांत खेळ खल्लास. मग कुणीतरी डोकं लावलं, खाली दगडाचं जोतं, त्यावर आडव्या तुळया आणि खांब त्या तुळयांवर, मातीशी संबंधच नाही. वरून पाइनचं डांबर, ते मात्र परत परत फासावं लागतं, म्हणून तर इतकं काळंकुट्ट दिसतं.

पण पावसापेक्षा माणसांनीच जास्त चर्च संपवली. मध्ययुगात अशी हजाराच्या वर होती असा अंदाज आहे, आज नॉर्वेत उरलीत २८. लोकसंख्या वाढली, जुनी चर्च पुरेनात, त्यात १८५१ चा कायदा आला की पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, दहातल्या तीन माणसांना तरी आत जागा हवी. डोंगरापलीकडच्या वांगचं चर्च तर त्याही आधी, १८४१ ला लिलावात निघालं. चित्रकार डाल यांनी खटपट करून ते वाचवलं, पण ते गेलं प्रशियाच्या राजाकडे आणि आज ते पोलंडमध्ये कार्पाचला उभंय! याच डाल यांच्या पुढाकाराने १८४४ ला जुन्या वास्तू जपणारी संस्था निघाली.

बोरगुंडचं नशीब बघा, १८६८ ला नवं चर्च शेजारी बांधलं आणि जुनं तसंच राहिलं, १८७७ ला त्या संस्थेने ते विकत घेतलं. मग धर्मसुधारणेनंतर, म्हणजे नॉर्वे प्रॉटेस्टंट झाल्यावर, आलेली बाकं, पुलपिट (प्रवचनाचा उंच मंच), खिडक्या सगळं काढून टाकलं, म्हणजे आत शिरल्यावर आपण ज्याला मध्ययुगीन अंधार म्हणतो तो एकोणिसाव्या शतकात परत आणलेला. मला हे थोडं खटकतं, पिढ्यान्पिढ्या लोक ज्या बाकांवर बसले तो काय इतिहास नव्हता का?

भिंतीवर खरडलेली जुनी अक्षरं मात्र राहिली. रूण या जुन्या नॉर्डिक लिपीत कुणीतरी कोरलंय, ही अक्षरं थोर नावाच्या माणसाने संत ओलाफच्या सणाच्या संध्याकाळी लिहिली.