नाकावरून फिरवलेला दोरा

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगो विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत मॉस्कोहून एक शास्त्रज्ञ आला होता. नीलमाचा दंडगोल रेशमी दोऱ्याच्या झोळीत टांगायचा होता. दोरा लावण्याआधी त्याने तो हलकेच स्वतःच्या नाकाच्या दांड्यावरून ओढून घेतला. कधी नाकावरून, कधी कानामागून. कातडीवरचं नैसर्गिक तेल दोऱ्याला लागावं म्हणून.

प्रयोग तसा समजायला सोपा आहे. पितळेच्या घंटेला टोला दिला की ती घुमत राहते, मातीच्या मडक्यावर टिचकी मारली तर आवाज तिथल्या तिथे विरतो. नीलमाचा ठोकळा टोला दिल्यावर किती वेळ निनादत राहतो, एवढंच मोजायचं होतं. ज्या पदार्थात कंपनाची ऊर्जा लवकर विरत नाही, त्याचा आरसा गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांसारख्या अवजड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणाऱ्या यंत्रासाठी चांगला, कारण तो स्वतःच्या उष्णतेच्या थरथरीने मोजमापात कमी गोंधळ घालतो. व्लादिमिर ब्रागिन्स्की यांच्या मॉस्कोतल्या गटाने नीलमाच्या या निनादाचे थक्क करणारे आकडे जवळजवळ वीस वर्षं आधीच मिळवले होते. निबंध छापून आले होते, जगभरच्या ग्रंथालयांत पोचले होते. तरीही पाश्चात्त्य प्रयोगशाळांत तो आकडा कोणालाच मिळेना. रशियन लोकांचं मोजमाप चुकलं असावं, अशी शंका घेतली जाऊ लागली.

१९९९ साली ग्लासगोत तो आकडा मिळाला. तेही एकमेकांच्या प्रयोगशाळांत जाऊन, दिवसच्या दिवस शेजारी उभं राहून काम केल्यावर. झोळीचा दोरा ठोकळ्याला जिथे टेकतो, तिथल्या घर्षणात ऊर्जा जाते. दोरा कोरडा असला तर बिघडतं आणि वंगण जास्त झालं तरी बिघडतं. निबंधात फार तर ‘दोऱ्याला चरबी लावली’ असं छापता येईल. किती, कसली, कोणत्या हाताने, हे छापता येत नाही. पुढे ग्लासगोच्या लोकांनी हे तंत्र स्वतः करून पाहिलं, तेव्हा कळलं की सगळ्यांची कातडी सारखी नसते. काहींचं तेल दर वेळी लागू पडे, काहींचं अधूनमधून, तर काहींची कातडी इतकी कोरडी की उपयोगच होईना. प्रयोगाच्या वहीत कोणत्या टांगणीला कोणाचं तेल वापरलं, याच्या नोंदी पडू लागल्या!

ही हकिगत टिपून ठेवली ती हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने. गुरुत्वीय लहरींच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांनी कित्येक वर्षं काढली आहेत. मला त्यांचं एक निरीक्षण फार मोलाचं वाटतं. मॉस्कोवाले सगळंच लपवत होते असं नव्हे. समोरच्याला नेमकं काय ठाऊक नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जो रोज करतो त्याला ती गोष्ट सांगण्यासारखी वाटतच नाही. आणि शिकणाऱ्याला विचारायचं काय, हे कळत नाही, कारण ती गोष्ट आहे हेच त्याच्या गावी नसतं.

मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञाने (पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले) १९६६ साली हे एका वाक्यात मांडलं होतं: आपल्याला जेवढं सांगता येतं, त्याहून जास्त आपण जाणत असतो. आपल्याकडे याला हात बसणं म्हणतात. फरक इतकाच की आपण तो शब्द सुतार, कुंभार, तबलजी यांच्यासाठी राखून ठेवतो. कारखाना, रुग्णालय, बँक, पाटबंधारे खातं, संशोधन संस्था यांचाही हात बसलेला असतो, आणि तो तुटतो तेव्हा फाइल उघडून काही सापडत नाही.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देतात तो प्रसंग आठवा. कपाटाच्या किल्ल्या, स्टॉक रजिस्टर, लॅपटॉप, शिक्के, प्रलंबित प्रकरणांची यादी. दोघांच्या सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. कोणत्या पंपाचा आवाज बदलला की दोन दिवसांत तो बसणार, कोणत्या ठेकेदाराची कागदपत्रं दोनदा बघायची, जुन्या नकाशावरची कुठली वाहिनी प्रत्यक्षात भलतीकडून गेली आहे, हे चार्ज लिस्टवर नसतं. यात कोणाचा कामचुकारपणा नसतो. त्या यादीत या गोष्टींसाठी रकानाच नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण तर यापुढचं आहे. फॉगबँक हे सांकेतिक नाव असलेलं एक द्रव्य अण्वस्त्रांत वापरलं जातं. ते नेमकं काय आहे, हे आजही गुप्त आहे. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथल्या वाय-१२ कारखान्यात ते १९७५ ते १९८९ या काळात तयार होत होतं. मग गरज संपली, उत्पादन थांबलं. २०००च्या सुमाराला जुन्या अण्वस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं आणि तेच द्रव्य पुन्हा हवं झालं. तेव्हा लक्षात आलं की ते बनवायचं कसं, हे कोणाला नीट ठाऊक नाही. प्रक्रियेच्या नोंदी तुटपुंज्या होत्या आणि ज्यांनी ते बनवलं होतं ते जवळजवळ सगळे निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांच्या २००९ च्या अहवालात हे स्पष्ट नोंदवलं आहे. निस्तरायला सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलर लागले आणि काम किमान वर्षभर मागे पडलं.

अण्वस्त्राची कृती विसरली गेली हे ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया ‘बरं झालं’ अशीच होती. पण या गोष्टीचा खरा गाभा पुढे आहे. नवी यंत्रणा उभी राहिली, जुन्या नोंदींबरहुकूम प्रक्रिया झाली, तरी माल जमेना. शेवटी उलगडा झाला तो असा: जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्ध घटक राहून जायचा, आणि अंतिम द्रव्य चांगलं व्हायला तोच कारणीभूत होता. नव्या कारखान्यात कच्चा माल आधुनिक पद्धतीने स्वच्छ होत होता, त्यामुळे तो घटक निघून जाई. जुन्या लोकांनाही हे माहीत नव्हतं. त्यांना बोलावून बसवलं असतं, रोज प्रश्न विचारले असते, तरी त्यांना हे सांगता आलं नसतं. हे ज्ञान कोणाच्या डोक्यात नव्हतंच. ते त्या जुन्या कारखान्याच्या पाइपांत, पिंपांत आणि पुरवठादाराच्या मालात होतं. कारखाना मोडला, तेव्हा तेही गेलं.

म्हणून नुसतं ‘सगळं लिहून ठेवा’ म्हणण्यावर माझा विश्वास नाही. लिहिणं हवंच, पण कोणी, कोणासाठी, कोणत्या वेळी लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. हे झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांकडून शिकावं. (आपण प्रत काढण्यालाच ज्यांचं नाव दिलं, तीच ही कंपनी.) १९८०च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ या कामगारांबरोबर फिरले. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तिका दिली होती: अमुक दिवा लागला तर तमुक पानावर जा, उत्तर ‘हो’ असेल तर हे बदला. एकदा एका यंत्रावर ई०५३ हा संकेत येत होता आणि पुस्तिकेप्रमाणे सगळं करूनही बिघाड हटेना. कामगार आणि त्याचा वरिष्ठ तंत्रज्ञ यंत्रापाशी उभे राहून तासन्‌तास एकमेकांना जुन्या बिघाडांचे किस्से सांगत राहिले. तमक्या ठिकाणी असंच झालं होतं, तिथे काय निघालं होतं? किस्से जुळवता जुळवता दोष सापडला, तो संकेत दाखवत होता त्याहून वेगळ्याच भागात. वरून बघणाऱ्याला हे गप्पा मारत वेळ घालवणं वाटलं असतं. सकाळच्या नाश्त्याला, जेवणाच्या टेबलावर हे लोक याच गप्पा मारत. त्यांचं प्रशिक्षण खरं तर तिथेच चाललं होतं.

१९९०च्या दशकात कंपनीने याच किस्स्यांसाठी ‘युरेका’ नावाची संगणकीय यंत्रणा उभी केली. सुरुवात फ्रान्सपासून झाली. कामगाराने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, पटली तर ती सगळ्यांसाठी खुली व्हायची, खाली लिहिणाऱ्याच्या नावासकट. नावामुळे युक्तीला वजन आलं आणि लिहिणाऱ्याला मान मिळाला. साहेबाने मागितलेला तक्ता भरणं वेगळं, आणि आपल्यासारख्याच कोणाची उद्याची दुपार वाचावी म्हणून चार ओळी लिहिणं वेगळं.

पण नाकावरच्या तेलासारखं काही असेल तर युरेकाही पुरत नाही. तिथे माणूसच पाठवावा लागतो. आपल्या इस्रोने हे फार लवकर ओळखलं. १९७४ साली फ्रान्सशी झालेल्या करारात व्हायकिंग या रॉकेट इंजिनाचं तंत्र मिळालं ते रोख पैसे मोजून नव्हे. भारतीय अभियंत्यांनी तिथल्या कामात शंभर मनुष्यवर्षांची (म्हणजे शंभर माणसांनी वर्षभर करावी एवढी) मेहनत द्यायची, असा सौदा होता. आपल्या जुन्या भाषेत ही उमेदवारीच झाली, उस्तादाच्या हाताखाली राबून शिकण्याची. आराखडे मिळालेच, पण फ्रेंच तंत्रज्ञांच्या शेजारी उभं राहून रोजच्या अडचणी बघायला मिळाल्या, त्याची किंमत जास्त होती. त्यातून ‘विकास’ इंजिन उभं राहिलं. चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या रॉकेटच्या गाभ्यात तशी दोन इंजिनं होती.

आता माणसं पाठवून शिकण्याची तीच पाळी हिंगोली जिल्ह्यावर येते आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिचा प्रत्येक बाहू, म्हणजे लेझरचा किरण ज्यातून धावतो ती नळी, ४ किलोमीटर लांब असेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगो या अशाच वेधशाळेत शेवटी नीलमाऐवजी सिलिकाचे, म्हणजे अतिशुद्ध काचेचे, आरसे निवडले गेले. ४० किलोचा तो आरसा सिलिकाच्याच चार तंतूंवर टांगलेला असतो. तंतू ओढण्याचं आणि जोडण्याचं तंत्र ग्लासगोतच विकसित झालं. तीन मिलिमीटर जाडीची काडी लेझरने वितळवत ताणायची, ती अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक करायची, मग आरशाला लेझरनेच जोडायची. उघडं बोट लागलं तरी तंतू कमकुवत होतो.

हे शिकायला जे जातील, त्यांत हिंगोली-नांदेडच्या तंत्रनिकेतनांतून शिकलेली मुलं-मुली असावीत असं मला मनापासून वाटतं. आणि एकेकट्याने न जाता त्यांनी दोघा-तिघांनी मिळून जावं, म्हणजे परतल्यावर एकाची बदली झाली तरी तंतू ओढणारा दुसरा हात औंढ्यात राहील.